डावखुऱ्यासाठी आणलेला ग्लोव्ह

मी बोलतोय. इकडे बघा, या उघड्या खोक्यात, पुरणयंत्राच्या शेजारी. मी बेसबॉलचा एक जुना ग्लोव्ह. हातमोजा म्हणालात तरी माझी हरकत नाही, पण थंडीतला लोकरीचा नव्हे हं. मी गाईच्या चामड्याचा, जाडजूड, पसरट, मध्ये खळगा पडलेला. मुक्काम कुवेत, सबाह अल-सालेममधल्या एका इमारतीचा तिसरा मजला. सोमवारी हे घर रिकामं होणार आहे. त्याआधी सांगायचं ते सांगून टाकतो, कारण इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आता राहवत नाही.

एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. बेसबॉलमध्ये खेळाडूच्या एकाच हातात ग्लोव्ह असतो. ज्या हाताने चेंडू फेकायचा तो हात मोकळा, ग्लोव्ह दुसऱ्या हातात. म्हणजे उजव्याने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात बसतो आणि डावखुऱ्याचा उजव्या हातात. मी बसतो डाव्या हातात. म्हणजे मी उजव्या माणसांचा. इतकं सोपं आहे हे, पण क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला ते कोण सांगणार?

माझा जन्म फिलिपाईन्समधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी अमेरिकेत गेलो आणि टेक्सासच्या एका इंजिनिअरच्या सामानातून कुवेतला आलो. त्याचं कंत्राट संपलं तसं त्याने घरातलं सगळं फुंकून टाकलं, आणि मी शुक्रवारच्या बाजारात झहूर नावाच्या पेशावरी माणसाच्या चादरीवर येऊन पडलो. माझ्या एका बाजूला बंद पडलेला मिक्सर, दुसऱ्या बाजूला एकच रोलर स्केट. सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतोय मी.

तिथे जयप्रकाश आले. मूळ नाशिकचे, इथे पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनिअर. दहा वर्षांच्या मुलाने, आलोकने, शाळेतल्या मित्रांचं बघून बेसबॉलचा हट्ट धरला होता. जयप्रकाशनी मला उचललं, उलटंसुलटं केलं आणि झहूरला विचारलं, "इसका दूसरा किधर है?"

"साहब, ये अकेला ही होता है."

"असं कसं? ग्लव्हज म्हणजे जोडी पाहिजे. आधा जोडी का आधा पैसा."

झहूरने कपाळाला हात लावला. जयप्रकाशनी मला उजव्या हातात घालून पाहिलं. बोटं जाईनात. मग डाव्या हातात घातलं, तर मी अगदी मापाचा बसलो. आणि काय सांगू, त्या माणसाचा चेहरा असा उजळला! "अरे, हा तर डावखुऱ्याचा!"

"हां हां साहब, लेफ्ट हैंड का ही है," झहूर बोलून मोकळा झाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याला गिऱ्हाईक हवं होतं, झालं.

जयप्रकाशना एवढा आनंद का झाला, ते मला घरी गेल्यावर कळलं. आलोक डावखुरा होता. आणि जयप्रकाशही जन्माने डावखुरेच. पण नाशिकला त्यांच्या शाळेतले मास्तर डाव्या हातात पेन्सिल दिसली की पट्टीच्या कडेने बोटांच्या पेरांवर मारायचे. त्यावरही भागलं नाही तेव्हा डावा हात सदऱ्यात खुपसून वरून गुंड्या लावून बसवायचे. वर्षभरात हात सुधारला म्हणे. सुधारला कसला, मेला. जयप्रकाशचं अक्षर आजही शिकाऊ पोरासारखं आहे. आपल्या मुलाच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, अशी त्यांनी गाठच मारली होती. घरात त्यावरून भांडणं व्हायची. श्यामलाताई, म्हणजे आलोकची आई, म्हणायच्या, "अहो, निदान पाहुण्यांसमोर तरी उजव्या हाताने जेवू दे त्याला." की जयप्रकाश ताट बाजूला सारायचे. "माझा हात मोडला, त्याचा मी मोडू देणार नाही."

तर असे ते मला घेऊन घरी आले. आलोकला समोर उभं केलं आणि म्हणाले, "हे बघ. खास डाव्या हाताचा. अख्खा बाजार पालथा घातला तुझ्यासाठी. आवडला का?"

पोराने मला हातात घातलं. त्याने शाळेत ग्लोव्ह पाहिले होते, एक-दोन डावखुऱ्या मुलांचे पण. त्याला पहिल्या क्षणी कळलं, तुम्हाला सांगतो. त्याचा जोरकस डावा हात माझ्या आत अडकला होता आणि बाहेर मोकळा राहिला होता तो नुसता शोभेचा उजवा. त्याने वर बापाकडे पाहिलं. जयप्रकाश लहान मुलासारखे हसत होते.

"खूप आवडला, बाबा," आलोक म्हणाला.

आता माझा गुन्हा पण सांगतो. मी तेव्हा खूश झालो. पोराने खरं सांगितलं असतं, तर दुसऱ्या शुक्रवारी माझी रवानगी पुन्हा झहूरच्या चादरीवर झाली असती. मला घर हवं होतं, हात हवा होता. कुणाचा हात आणि कोणता, याचा विचार मी केला नाही.

दुसऱ्याच दिवशी कोचने सांगितलं, "सन, हा बदलून आण." आलोक नाही म्हणाला. मग सुरू झाली ती इमारतीमागची भिंत. रोज शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि भिंतीवर चेंडू मारायचा, उजव्या हाताने. सुरुवातीला चेंडू भिंत सोडून सगळीकडे जायचा. इमारतीचा राखणदार जाफर गाड्यांच्या काचांसाठी बोंबलत पळत यायचा. पोराचा खांदा भरून यायचा. चेंडू परत आला की मी तो झेलायचो. आत त्याचा डावा हात शिवशिवत असायचा, आणि बाहेर तो उजवा बिचारा मुळाक्षरं गिरवत असायचा. आठ महिने चाललं हे.

आठ महिन्यांनी चेंडू सरळ जायला लागला, पण लांब जाईना. म्हणून कोचने त्याला सेकंड बेसवर उभं केलं. तिथून चेंडू बहुतेकदा फर्स्ट बेसकडेच फेकायचा असतो आणि तो जवळ, त्यामुळे फार ताकद लागत नाही. एरवी डावखुऱ्याला त्या जागी कुणी उभं करत नाही, कारण फर्स्ट बेसकडे फेकायला त्याला अख्खं अंग वळवावं लागतं. पण आमचा आलोक मैदानात उजवा झालेला होता. शेजारी शॉर्टस्टॉपच्या जागी उभा राहायचा सिराज, हैदराबादी, आलोकच्याच वर्गातला. त्या दोघांची जोडी अशी जमली की बाकीच्या पालकांना वाटायचं, दोघं भाऊच आहेत.

तुम्ही विचाराल, बापाला कधी दिसलं नाही? दिसलं ना! जयप्रकाशच्या शिफ्ट ड्यूट्या. सामने शुक्रवारी सकाळी, आणि प्लांट काही शुक्रवार बघून बंद होत नाही. वर्षातून एक-दोनदा ते रुमैथियाच्या मैदानावर यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी पाहिलं, की झाडून सगळ्या पोरांनी ग्लोव्ह डाव्या हातात घातलाय. माणसाने काय निष्कर्ष काढावा? संध्याकाळी घरी येऊन श्यामलाताईंना म्हणाले, "अगं, काय खेळ आहे! सगळे डावखुरे! अमेरिकेत डाव्या हाताला किती मान आहे बघ. झेल घेणं हे मुख्य काम, ते डाव्याने. फेकायचं काय, कुठल्याही हाताने फेकावं."

आलोक तिथेच होता. त्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. 

त्या दिवसापासून जयप्रकाशना बेसबॉलचं वेडच लागलं. पण खेळ पाहण्याचं नाही हं, वाचण्याचं. इंजिनिअर माणूस, त्याला आकडे हवेत. शंभर वर्षांतल्या सगळ्या मोठ्या सेकंड बेसमनचे आकडे त्यांनी गोळा केले आणि एक भलीमोठी एक्सेल शीट बनवली. आणि मग शुक्रवारी दुपारी जेवताना वाद रंगायचा, जगातला सर्वश्रेष्ठ सेकंड बेसमन कोण? सिराज जेवायला असायचाच. आलोक सामन्यावरून येऊन मला फ्रिजवर फेकायचा. त्या उंचीवरून मी सगळं ऐकलंय.

"जो मॉर्गन," जयप्रकाश ठासून सांगायचे. "पंचाहत्तर आणि शहात्तर, लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्तम खेळाडू. आणि मुख्य म्हणजे डावखुरा!"

"अंकल, हॉर्न्सबी," सिराज वरणात पोळी बुडवत म्हणायचा. "नाइन्टीन ट्वेंटी फोर. एवरेज चार सौ चौबीस. बात खतम. आंखां खराब होतीं बोलके सिनेमा नहीं देखता था वो."

"अरे, पण त्याच्या काळात काळ्या खेळाडूंना आत घेत नव्हते. निम्मे स्पर्धक दाराबाहेर ठेवून काढलेला आकडा तो. त्याला करेक्शन फॅक्टर लागणार. मी शून्य पॉइंट नऊने गुणलाय."

"पॉइंट नाइन किधर से लाए?"

"इंजिनिअरिंग जजमेंट," जयप्रकाश गंभीरपणे सांगायचे, आणि श्यामलाताईंसकट सगळे हसायचे. श्यामलाताईंचं मत ठरलेलं होतं. त्यांना हल्लीचा तो बुटका आल्टुव्हे आवडायचा. "केवढासा आहे, आणि कसा पळतो बाई," म्हणायच्या.

आलोकचं मत जॅकी रॉबिन्सनला. "बाबा, पहिल्या वर्षी सेकंड बेसवर दुसराच कुणीतरी होता, म्हणून याला फर्स्ट बेसवर टाकलं. ही जस्ट लर्न्ट इट. लोक शिव्या देत होते, तरी उलटून बोलला नाही."

"उलटून न बोलणं हा काही खेळातला गुण नव्हे," जयप्रकाश म्हणायचे. "चुकीच्या जागी उभं केलं तर माणसाने तोंड उघडून सांगावं. त्यात कसली लाज?"

आलोक डाव्या हाताने भात कालवत राहायचा. एकदा सिराजच्या तोंडून निघालंच. "पर अंकल, मॉर्गन बैटिंग लेफ्टी करता था, थ्रो तो..." तेवढ्यात टेबलाखालून आलोकची लाथ त्याच्या नडगीवर बसली. सिराज कळवळला. "थ्रो तो क्या?" जयप्रकाशनी विचारलं. "थ्रो तो जबरदस्त था, अंकल," सिराज म्हणाला आणि त्याने ताटात मान घातली. मॉर्गनही फेकायचा उजव्यानेच, हो. त्या शीटमधले सगळेच उजव्याने फेकायचे. पण त्या रकान्याकडे जयप्रकाशनी कधी पाहिलं नाही. फलंदाजी डावी दिसली की ते पिवळा रंग भरायचे आणि म्हणायचे, हा आपला.

दर महिन्याला ते स्वतः मला तेल लावायचे. तेही खोबरेल! चामड्याला खोबरेल लावल्याने मी जड झालो, आणि शेजारच्या संघातली पोरं नाक मुरडून विचारायची की हा वास कसला. पण ते बोटाबोटात तेल जिरवत बसायचे ना, तेव्हा श्यामलाताईंना चिडवायचे, "तू मोडायला निघाली होतीस पोराचा हात. मी वाचवला." पाहुणे आले तरी हीच गोष्ट. नाशिकचे मास्तर, पट्टी, गुंड्या, आणि शेवटी फ्रिजवरचा मी. श्यामलाताई उठून आत जायच्या. मला तेव्हा वाटायचं, त्यांना चहा टाकायचा असेल.

आलोक बारावीनंतर पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. चार वर्षं मी कपाटात, माझ्या पोटात डांबराच्या गोळ्या. ते दिवस आठवायलाही नकोत. शिकून तो परत कुवेतला नोकरीला आला, तेव्हा कपाट उघडल्यावर पहिली मला मिठी मारली त्याने. सिराजने मोठ्यांचा संघ जमवला होता. पुन्हा शुक्रवार सुरू झाले, पुन्हा वाद. दोन वर्षं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली.

तीन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, आलोक ऑफिसातल्या मित्रांबरोबर खैरानला समुद्रावर गेला. परतताना धुळीचं वादळ उठलं. रस्त्यावर समोर उभा असलेला ट्रक दिसला नाही. चोवीस वर्षांचं पोर होतं हो. त्याला विमानाने नाशिकला नेलं, आणि मी इथे फ्रिजवर. परत आल्यावर जयप्रकाशनी मला खाली घेतलं आणि माझ्यात तोंड खुपसून ते रडले. खोबरेलाच्या वासात पोराच्या घामाचा वास अजून होता.

सिराज पुढच्या शुक्रवारी जेवायला आला. त्याच्या पुढच्याही. तीन वर्षांत त्याने एक शुक्रवार चुकवला नाही. वादही चालू राहिला. फक्त आता जयप्रकाश दोघांचं बोलायचे, आपलंही आणि आलोकचंही. "आज आलोक म्हणाला असता, बाबा, तुमचा फॅक्टर चुकीचा आहे." सिराज म्हणायचा, "हौ अंकल, यहीच बोलता वो." श्यामलाताई पोळ्या वाढत राहायच्या.

आता जयप्रकाश साठीला आले. नोकरी संपली, अकामाची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, मुदत या महिनाअखेर. सामान बांधायला घेतलं तेव्हा त्यांनी मला हातात धरून सांगितलं, "हा नाशिकला नेऊन काय करू? पडून राहील. एखाद्या डावखुऱ्या पोराला देऊ. आलोकच्या नावाने." श्यामलाताई भांडी पेपरात गुंडाळत होत्या, त्यांचे हात थांबले. "कशाला देताय? राहू द्या ना," त्या म्हणाल्या. पण जयप्रकाशनी ठरवलं ते ठरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

गेल्या शुक्रवारी ते मला रुमैथियाच्या मैदानावर घेऊन गेले. सिराज आता तिथे लहान मुलांना शिकवतो. वाटेत त्यानेही दोनदा म्हणून पाहिलं, "अंकल, आप रख लो." जयप्रकाशना वाटलं, तो हळवा झालाय.

मैदानात एकच डावखुरी होती, मुक्ता. मुंबईच्या कुटुंबातली, नऊ वर्षांची, चुणचुणीत. जयप्रकाश तिच्यासमोर चक्क गुडघ्यावर बसले. "बेटा, हा माझ्या मुलाचा ग्लोव्ह. तोही तुझ्यासारखाच डावखुरा होता. आता हा तुझा."

मुक्ताने मला घेतलं, उलटवलं, आणि परत त्यांच्यापुढे धरलं. "थँक यू काका, पण धिस इज फॉर राइटीज."

"नाही गं. हा डाव्या हातात जातो. घालून बघ."

"हो, पण मी लेफ्टी आहे." तिने स्वतःचा ग्लोव्ह दाखवला. उजव्या हातात होता. "तुमचा घातला तर माझा थ्रोइंग हँड आतमध्ये जाणार. मग थ्रो कसा करू? लुक." तिने डाव्या हाताने चेंडू उचलला आणि असा भिरकावला की तो पार कुंपणापर्यंत गेला.

जयप्रकाश हसले. लहान मुलीची काहीतरी गल्लत होतेय, असं त्यांना वाटलं. "सिराज, सांग जरा हिला. आलोक डावखुरा होता, आणि दहा-बारा वर्षं याच ग्लोव्हने..."

सिराज खाली मातीकडे बघत होता.

"सिराज?"

जयप्रकाशनी मैदानाकडे पाहिलं. वीसेक मुलं होती. या वेळी त्यांनी ग्लोव्ह नाही पाहिले, मोकळे हात पाहिले. सगळे उजवे. मग त्यांनी मुक्ताकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाने खेळ पहिल्यांदा पाहिला. गुडघ्यावर बसलेले होते ते तसेच मातीत बसले.

"मला सांग. खरं सांग."

सिराजने सांगितलं. सगळं. कोचने बदलायला सांगितलं होतं ते, भिंत, खांदा, टेबलाखालची लाथ. "उसने कसम दी थी अंकल. बोला, बाबा को पता चला तो उनका दिल टूट जाएगा."

"किती दिवस लागले त्याला? उजव्याने शिकायला?"

"आठ महीने."

"मला मास्तरांनी वर्षभरात शिकवलं होतं," जयप्रकाश म्हणाले. आणि आपला उजवा हात त्यांनी मातीवर आपटला. मुक्ता घाबरून आईकडे पळाली.

घरी आले तेव्हा श्यामलाताई देवघरातली भांडी गुंडाळत होत्या. जयप्रकाश दारातूनच म्हणाले, "श्यामला, मी त्याचा हात मोडला. मीच."

श्यामलाताईंनी ताम्हण खाली ठेवलं. "मला माहीत होतं."

"काय?"

"अकरावं लागलं होतं त्याला. खांदा सुजला होता, रडत आला माझ्याकडे. शेकताना विचारलं तेव्हा बोलला सगळं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"शपथ घातली होती त्याने. म्हणाला, आई, बाबा सगळ्यांना सांगतात की त्यांनी माझा हात वाचवला. सांगताना किती खूश असतात. राहू दे ना."

"आणि मी तुला एवढी वर्षं... चार लोकांत..."

"हो," श्यामलाताई म्हणाल्या. "म्हणायचात. राग यायचा मला. इतका यायचा, की आत जाऊन नळ सोडून उभी राहायचे. वाटायचं, एकदा सांगून टाकावं तोंडावर. पण लेकराची शपथ होती. आणि तो गेल्यावर तर कुठल्या तोंडाने सांगू? तुमच्याकडे तेवढंच उरलं होतं."

दोघं एकमेकांशेजारी जमिनीवर बसून रडली. मी सोफ्यावर पडून पाहत होतो. त्या खोलीत गुन्हेगार शोधायचा तर मला धरा, मी होतो ना सगळीकडे.

आज पुन्हा शुक्रवार. इथला शेवटचा. सिराज जेवायला आला, पण वाद सुरू होईना. शेवटी त्यानेच धीर केला. "अंकल, आखरी फ्रायडे है. फायनल वोट. कौन?"

जयप्रकाश शीट उघडून बसले नाहीत. "मॉर्गन," म्हणाले. "आकड्यांवरून मॉर्गनच."

सिराजला दुसरं उत्तर हवं होतं. त्याचे डोळे भरून आले होते. "अंकल, मेरा तो आलोक है. जो हाथ भगवान ने दिया नहीं, उस हाथ से खेला वो. इन में से कोई नहीं खेला वैसा."

"नको," जयप्रकाश म्हणाले. "त्याला त्या यादीत नको घालू. आलोक बरा होता, सिराज. चांगला होता. पण महान नव्हता. उजव्या हाताने कसा असेल? डाव्याने तो काय झाला असता, हे आता कुणालाच कळायचं नाही. त्याला कुठला फॅक्टर लावू मी?"

 मग सिराजने हळूच सांगितलं, "एक बात बोलूं? अच्छा प्ले होता ना, तो वो पहले मेरे को नहीं देखता था. स्टैंड की तरफ देखता था. आप आए क्या, देखने को."

"आणि मी?"

"आप ड्यूटी पे रहते थे, अंकल."

श्यामलाताईंनी सिराजच्या ताटात अजून एक पोळी वाढली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो खाऊ शकला नाही. जाताना जयप्रकाशना मिठी मारून गेला.

तर अशी माझी कहाणी. मला आता कुणाला देणार नाहीत, नाशिकला नेणार आहेत. माझ्या दोन बोटांची शिवण उसवली आहे, खळगा कोरडा पडलाय. मागायचं असं मला काही नाही. तुमच्याकडे एकच विनवणी आहे, तुम्ही कुणाचे आईबाप असाल तर. मुलांसाठी काही आणलंत, की "आवडलं का" असं विचारून गप्प बसू नका. आवडलं, असंच म्हणतात ती. तुमचा चेहरा बघून म्हणतात. हाताला बसतंय का, ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

थांबा, कुणीतरी आलं. जयप्रकाशच आहेत. खोक्याजवळ खाली बसले. मला बाहेर काढलंय, मांडीवर घेतलंय. दाराकडे एकदा बघून घेतलं, श्यामलाताई आत आहेत. आता अंगठ्याने माझा खळगा चोळताहेत आणि अगदी हळू आवाजात विचारताहेत,

"आलोक, हाताला बसतोय का रे नीट?"

सतरा वर्षांनी विचारलं त्यांनी. उत्तर द्यायला माझ्यात हात नाही.